तेलाचा माग

जुनी मोटार बाळगणारा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडी कुठे लावून तो परत आला की आधी गाडीकडे पाहत नाही, गाडीखाली पाहतो. लग्नाच्या मांडवाबाहेर, बँकेसमोर, देवळाच्या आवारात. अंगात इस्त्रीचे कपडे असले तरी हा गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकून वाकतो आणि जमिनीवर तेलाचे किती ठिपके पडलेत ते मोजतो. नव्या गाडीवाल्यांना हा प्रकार कळत नाही. त्यांना वाटतं, याची किल्ली पडली असावी.

आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची. आप्पा, म्हणजे माझे वडील, गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीचे अडते होते. मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचा तो काळ. गाडी दारात आली तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे तिच्यातून घरातल्या दोन नवऱ्या सासरी गेल्या, एक बाळंतीण रात्री दोन वाजता दवाखान्यात वेळेवर पोहोचली, आणि आप्पांना शेवटचं कोल्हापूरला नेलं तेही तिच्यातूनच. त्यामुळे ती विकायचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. तिच्या तेलाचा विषय मात्र रोज निघतो.

थोडंफार तेल ती पहिल्यापासून गाळायचीच. पण २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्महिने उभी राहिली आणि तिथून प्रकरण वाढलं. गाडी चालत असली की आतलं तेल फिरतं, बुचाची पॅकिंगं आणि रबरी सील ओली राहतात, मऊ राहतात. उभ्या गाडीत ती सुकतात, आकसतात, कडक होतात. टाळेबंदी उठली आणि आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी सहा काळे ठिपके दिसू लागले. कधी सात. सौभाग्यवतींनी पहिल्या आठवड्यात लाकडाचा भुसा टाकून पाहिला, दुसऱ्या आठवड्यात राख. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "अहो, तिला सांगा, रांगोळीपुरती तरी जागा सोड म्हणावं."

गाव लहान असलं की सल्ल्यांना तोटा नसतो. एकाने सांगितलं, भंगारात द्या. दुसऱ्याने सांगितलं, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून घ्या, नव्वदच्या दशकात सगळ्यांनी तेच केलं. तिसऱ्याने गळती थांबवणारं म्हणून बाटलीत मिळणारं एक औषध आणून दिलं. ही औषधं रबराला फुगवतात. सील थोडं कडक झालं असेल तर काही दिवस आराम पडतो, पण फाटलेलं पॅकिंग त्याने शिवलं जात नाही. मोठ्या शहरातल्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथे इंजिनच्या खालच्या चेंबरभोवती बोटभर सिलिकॉन थापून दिलं, बोल्ट जीव खाऊन आवळले, आणि वर सांगितलं, "नाहीतर फुल इंजिन काढावं लागेल." महिन्याभरात ठिपके पुन्हा हजर.

फुल इंजिन काढणं म्हणजे काय, ते का काढतात आणि कधी काढू नये, हे मला सांगितलं आमच्या इथल्या मिस्त्रींनी. सत्तरी ओलांडलेला हा माणूस शिकला तो गुऱ्हाळावरच्या ऑइल इंजिनांवर. हिरण्यकेशीच्या काठाने उसाला पाणी देणारी एका सिलिंडरची इंजिनं त्यांनी रात्री-अपरात्री कंदिलाच्या उजेडात उघडली आहेत. आता डोळ्यांवर जाड भिंगं आहेत आणि गुडघे बोलतात. गाडीखाली शिरण्याआधी ते पाच मिनिटं नुसते बॉनेट उघडून उभे राहिले. मी खालचे ठिपके दाखवायला वाकलो तर म्हणाले, "मास्तर, त्याल वरनं खाली येतंय. तुम्ही खालनं वर काय बघताय?"

सगळी गोम या एका वाक्यात आहे.

आधी या इंजिनाची थोडी ओळख करून देतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाटशी करार करून १९६४ पासून त्यांनी 'इलेव्हन हंड्रेड डी' बाजारात आणली. सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. चितोडच्या राणीचं नाव, पोटात इटालियन इंजिन. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक. गणिताचा मास्तर असल्यामुळे मी हिशेब करून पाहिला. बरोबर १०८९ सीसी भरतं. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे रोज गाडी सुरू झाली की वरचा भाऊ पसरतो, खालचा तितका पसरत नाही, आणि दोघांमधलं पॅकिंग ती ओढाताण सोसत राहतं. संसारात असं कुणीतरी एक असतंच.

इंजिन म्हणजे तरी काय, आठ-दहा पेट्या एकमेकींना बोल्टने जोडलेल्या. वर टॅपेट कव्हर, पुढे टायमिंगच्या साखळीचं झाकण, बाजूला पेट्रोल पंप, खाली तेलाचं चेंबर. प्रत्येक सांध्यात बूच, कागद किंवा रबर. शिवाय क्रँक जिथे पुढून आणि मागून बाहेर डोकावतो तिथे फिरत्या लोखंडाला घासत बसलेली सील. इतक्या सांध्यांतून पन्नास वर्षांत काहीच बाहेर येऊ नये ही अपेक्षाच जास्त. ज्यांनी बैलगाडीखाली लोंबकळणारी वंगणाची नळी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. चाक फिरायचं तर वंगण हवं, आणि वंगण म्हटलं की थोडं सांडणार. प्रश्न किती आणि कुठून, एवढाच.

किती याचा हिशेब मी केला. तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. पंधरवड्यात लिटर संपलं. आमच्या फरशीवरचे सहा-सात ठिपके त्यामानाने किरकोळ होते. पण उभ्या गाडीचे ठिपके आणि चालत्या गाडीची गळती यांचा संबंध नाही, हे मिस्त्रींनी लगेच सांगितलं. गाडी धावताना आत तेलाचा दाब असतो, फिरता क्रँक तेल उडवत असतो. तेव्हा जे रस्त्यावर सांडतं ते कुणाला दिसत नाही. डिपस्टिकला कळतं. म्हणून मी वही घातली: किती किलोमीटर झाले, किती तेल घातलं, तारीख. हजार किलोमीटरला किती तेल लागतं हा आकडा हातात असल्याशिवाय कुठल्याही मिस्त्रीशी बोलायला जाऊ नये असं माझं मत झालं आहे.

आता 'कुठून'. तेल वरून खाली ओघळतं, आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे जिथे ठिपका पडतो तिथे गळती नसते. ती त्याच्या वर आणि पुढे कुठेतरी असते. इंजिन चिकट, काळं, धुळीने माखलेलं असेल तर माग काढणं अशक्य. म्हणून पहिलं काम धुण्याचं. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर प्लॅस्टिकने बांधून आम्ही इंजिन डिझेलने घासलं, पुसलं, उन्हात वाळवलं. मग मिस्त्री म्हणाले, "पावडर पायजे, पांढरी." घरात टाल्कम पावडरचा डबा होता, पण माझ्याकडे त्याहून चांगली गोष्ट होती. पस्तीस वर्षांच्या नोकरीची शिल्लक, खडूचे दोन खोके. खडू कुटून वस्त्रगाळ केला आणि सगळ्या सांध्यांवर फुंकला. इंजिन भस्म लावलेल्या गोसाव्यासारखं दिसू लागलं. खाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा पसरला, त्यावर चारही चाकांच्या जागा पेन्सिलीने आखल्या आणि गाडी हारळीपर्यंत फिरवून आणली.

परत आल्यावर पांढऱ्यावर काळ्या रेघा अशा स्पष्ट उमटल्या होत्या, की फळ्यावरचं गणित वाटावं. एक टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. एक पेट्रोल पंपाच्या बुडातून. पुढच्या पुलीमागून बारीक फवारा. आणि चौथा माग कुठून येतो ते दिसत नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथल्या घंटेच्या आकाराच्या घराखालच्या भोकातून थेंब लोंबत होता. ज्या चेंबरला त्या गॅरेजात सिलिकॉन थापलं होतं, त्याच्या सांध्यावर वरून आलेलं तेल साचत होतं, एवढंच. मिस्त्रींनी चेंबर उतरवलं तेव्हा आत पडलेल्या सिलिकॉनच्या लोळ्या तेलपंपाच्या जाळीवर अडकलेल्या निघाल्या. आणखी काही दिवस गेले असते तर जाळी तुंबून बेअरिंगांना तेलच मिळालं नसतं. फार आवळल्यामुळे चेंबरच्या पत्र्याची कडही बोल्टाबोल्टापाशी आत दबली होती. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून, हलक्या हातोडीने ती त्यांनी एका दुपारी सरळ केली.

त्या चौथ्या थेंबाची त्यांनी केलेली परीक्षा लक्षात राहण्यासारखी आहे. बोटावर घेतला, चोळला, हुंगला. गिअरचं तेल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो; एकदा हुंगला की माणूस विसरत नाही. हा थेंब पातळ, काळा, जळका होता. म्हणजे इंजिनाचा. म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाच्या सीलमधून येणारा. "हा शेवटी बघू," म्हणाले, आणि दुसऱ्या टोकाला वळले.

दुसरं टोक म्हणजे ब्रीदर. इंजिनाला श्वास सोडायची एक नळी असते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली उतरतोच, तो या नळीतून बाहेर पडतो. ती तुंबली की वायू आत कोंडतो आणि जिथे फट मिळेल तिथून तेलाला घेऊन बाहेर येतो. आमची नळी काजळी आणि चिकट राबड्याने अर्धी बुजली होती. ती रॉकेलमध्ये भिजवून, तार घालून साफ केली, आणि दुसऱ्या दिवशी सहाचे चार ठिपके झाले. खर्च शून्य. तेल गळणाऱ्या कुठल्याही जुन्या गाडीत पहिला हात या नळीला लागला पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी तो सर्वांत शेवटी लागतो.

टॅपेट कव्हरला बुचाचं नवं पॅकिंग बसवलं. पुढचं सील बदलायला रेडिएटर काढून पुली ओढली, तर पुलीच्या मानेवर जुन्या सीलने चाकोरी पाडली होती. नवं सील त्याच चाकोरीत बसलं असतं तर पुन्हा गळलं असतं. मिस्त्रींनी ते दोन मिलिमीटर मागे बसवलं, जिथे लोखंड गुळगुळीत होतं. पेट्रोल पंपाचं पॅकिंग बाजारात शोधत बसलो नाही. मिस्त्रींनी सौभाग्यवतींकडे जुनी लग्नपत्रिका मागितली. "नवीन नको, वैनी. नवीन पातळ असत्यात. आप्पांच्या टायमाची असली तर द्या." जाड पुठ्ठ्याची पत्रिका पंपाच्या तोंडावर ठेवून गोल हातोडीने कडेकडेने टकटक केलं की बरोबर त्या आकाराचं पॅकिंग कापून निघतं. कात्री नाही, मोजमाप नाही. ते तेलात बुडवून बसवलं. आमच्या एका चुलत्याचं शुभमंगल सध्या पद्मिनीच्या पंपाखाली आहे, आणि गळत नाही.

पंपाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या लोकांना त्याचा आनंद आहे आणि असायलाही हवा. पण १९७८ सालचं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नाही. पंपातला पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या त्याने लवकर खराब होतात. पडदा फाटला की पेट्रोल चेंबरात उतरतं आणि तेल पातळ होतं. पातळ तेल गळतंही जास्त आणि बेअरिंगं राखतही नाही. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी पुढे चालवू नये. आपल्याच शिवारातला ऊस आपल्याच गाडीचा पडदा खातो, हा योग मोठा गमतीचा आहे.

तर तीन गळत्या थांबल्या. उरला मागचा थेंब. तो बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो; आणि तेवढं उघडायचंच तर इंजिन वर काढून पुरतं बांधून का घेऊ नये, हा मोह तिथेच होतो. मिस्त्री म्हणाले, "मोह बरा हाय. पण आधी इंजिनाला इचारूया."

इंजिनाला विचारायचे तीन-चार मार्ग आहेत, आणि गडहिंग्लजकरांना त्यातला एक फुकट मिळालेला आहे. आजऱ्यावरून पन्नासेक किलोमीटरवर आंबोली. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी गिअरमध्ये सोडायची. इंजिन आत जोराने हवा ओढू पाहतं, पण वाट बंद असते, म्हणून व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल ओढतं. खाली दाणोलीला पोहोचल्यावर पाय दाबला आणि मागे निळा लोट निघाला, तर व्हॉल्व्ह गाइड झिजले. उलट, चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. पांढरा धूर तापल्यावरही हटत नसेल तर पाणी, काळा असेल तर पेट्रोल जास्त. आमची पद्मिनी उतारावर नेक निघाली. चढावर मागच्या काचेत एक निळसर ओढणी दिसत होती.

दुसरी परीक्षा कॉम्प्रेशनची. इंजिन गरम असताना चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि एकेका भोकात गेज लावून स्टार्टर मारायचा. आमचे आकडे आले: १२०, ११५, ८५, ११८ पौंड. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांपर्यंत चालतं. तिसरा पंगतीतून उठलेला दिसतच होता. मग त्या भोकात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजलं, तर ११० झाले. तेलाने रिंगांची फट तात्पुरती बुजली म्हणून दाब वाढला. व्हॉल्व्ह गळत असता तर तेलाने काही फरक पडला नसता. तिसरी खूण मी वहीत आधीच लिहिली होती: लांबून आल्यावर, गरम इंजिन हळू चालत असताना, तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. मिस्त्रींनी दिव्याच्या जागी दाबाचं गेज लावून खात्री केली. बेअरिंगं सैल झाली आहेत.

म्हणजे मागचं सील हे निमित्त आणि इंजिन खरोखरच बांधायला आलेलं. पण हे आता आम्ही मोजून म्हणत होतो.

इथे घरात बैठक झाली. खर्चाचा अंदाज गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या आसपास जातो. पुण्याची कन्या फोनवर म्हणाली, "बाबा, त्या पैशात युरोप नाही, पण केरळ नक्की होतं." तिचं खोटं नाही. शिवाय सरकारी खर्च वेगळा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ती फी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाली. पर्यावरण कर निराळा. माझं म्हणणं असं की जुन्या गाडीला शिस्त हवी हे कबूल. पण वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या, निगा राखलेल्या गाडीला आणि धूर ओकत रोज धावणाऱ्या गाडीला एकाच मापाने मोजणं बरोबर नाही.

यात एक पेच आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते. आमचीला २०२८ मध्ये पन्नास पुरी होतील. पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. डिझेल इंजिनचा सल्ला ऐकणाऱ्यांचा रस्ता तिथेच बंद. आणि दुसरी बाजू अशी, की व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक येते तेव्हा लोक टाचा उंच करून पाहतात. आमची पद्मिनी बाजारातून भाजी आणणारी. तिला मखरात बसवायचं का, याचं उत्तर अजून ठरलेलं नाही. पण दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या तर तिचं स्वतःचं, नंबर कोरलेलं इंजिनच जिवंत राहिलं पाहिजे, एवढं ठरलं.

आणि ते आताच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी गेल्या. वर्तमानपत्रांनी आठवणी लिहिल्या. आम्हा लोकांच्या काळजात वेगळीच कळ आली: त्या टॅक्सी होत्या तोवर रिंगा, पिस्टन, बेअरिंगं बनवणाऱ्याला गिऱ्हाईक होतं. आता दुकानदार फोनवर "आहे का बघतो" म्हणतो. आणि माणसांचं तर विचारूच नका. मिस्त्रींचे दोन्ही मुलगे पुण्याला कंपनीत आहेत. आयटीआय झालेला एक भाचा हाताखाली येतो, त्याला संगणकाचं यंत्र जोडून बिघाड वाचता येतो. पॅकिंग हातोडीने कापायला तो आत्ता शिकतो आहे. हेड उतरवायचं ते त्याच्यासमोर, अशी अट मीच घातली आहे.

यंत्रकामाची मात्र आपल्याकडे चिंता नाही. कोल्हापूरचं उद्यमनगर दीड-दोन तासांवर आहे. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरात घडवला ते हेच गाव. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं तिथल्या कारखानदारीच्या इतिहासात आदराने घेतली जातात. ओतकाम, बोअर, क्रँक ग्राइंडिंग ही कामं तिथे गल्लीबोळात चालतात, आणि ब्लॉक कुणाचा आहे हे न विचारता माणूस आधी मायक्रोमीटर काढतो.

तिथे काय करायचं तेही लिहून झालं आहे. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजायचा. झीज सर्वांत जास्त वरच्या टोकाला होते, जिथे पिस्टन क्षणभर थांबून वळतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नासदा वर जाऊन खाली येतो. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत बिडाची भिंत झिजली तर त्यात नवल नाही. झीज थोडी असेल तर नुसतं होनिंग आणि नव्या रिंगा. जास्त असेल तर बोअर वाढवून पुढच्या मापाचे पिस्टन. त्याहून जास्त असेल तर स्लीव्ह घालून मूळ मापावर आणायचं. क्रँकचंही तसंच, दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर, ग्राइंड करून तितक्या जाडीची बेअरिंगं. पिस्टन आधी विकत घ्यायचे आणि मग बोअर करायचा, उलट नाही. हातात आलेला पिस्टन मोजून त्याच्या मापाने भिंत कापतात. ब्लॉक कॉस्टिकच्या हौदात उकळून घ्यायचा, पण हेड चुकूनही त्यात टाकू द्यायचं नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. हेडची पातळी तपासून लागलं तरच फेसिंग. शिशाचं पेट्रोल २००० सालापासून देशभर बंद झालं, त्या शिशाने व्हॉल्व्हच्या सीट सांभाळल्या जात. त्या आता तपासून घ्यायच्या.

कनेक्टिंग रॉडच्या आणि बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल होता कामा नये, म्हणून उघडतानाच प्रत्येकीवर खुणेचे ठोके मारायचे. टॅपेट आणि पुशरॉड पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून क्रमाने उभे करायचे. बांधताना टॉर्क पाना, आणि सिलिकॉन घरात आणायचं नाही. तेल जुन्या वळणाचं, २०-डब्ल्यू-४०. आजच्या गाड्यांचं पाण्यासारखं पातळ तेल महाग असतं म्हणून चांगलं असेल असं समजून या इंजिनांत ओतू नये. त्या फटींना ते राहत नाही. पहिली हजार किलोमीटर हळू, आणि पहिलं तेल लवकर बदलायचं. काढलेलं तेल गटारात जाणार नाही, कारण आमच्या गल्लीचं गटार शेवटी हिरण्यकेशीलाच मिळतं.

मुहूर्त मिस्त्रींनी काढला आहे. दिवाळीच्या आधी लेथवाल्यांकडे गळीत हंगामाच्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरांची रांग लागते. तेव्हा मोटारीचा ब्लॉक कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून मृग निघाला, पेरण्या झाल्या की हेड उतरवायचं. पावसाळ्यात उघड्या बोअरला एका रात्रीत गंज चढतो, तेव्हा तेल फासून प्लॅस्टिकमध्ये बांधायचा आणि पाऊस धरायच्या आत कोल्हापूरला पोहोचवायचा. सुट्या भागांसाठी पेढ्यांचे रिकामे बॉक्स लागतील, प्रत्येकावर चिठ्ठी लावून. घरातून त्याची जबाबदारी सौभाग्यवतींनी घेतली आहे. आजपर्यंत सतरा जमले आहेत.